मुबारकबीचं नाव

“भिंगारदिवे, एक विचारू का? डबा उघडला की तुमी मान खाली घालता, डोळे मिटता. काय म्हणता तेव्हा मनात?”

कादरनं हे विचारलं तेव्हा शांतवन भिंगारदिव्याचा हात भाकरीवर होता. विचारण्यात चेष्टा नव्हती. आवक-जावकच्या टेबलावर कादर सहा वर्षं त्याच्यासमोर बसत होता, आणि सहा वर्षांत त्यानं असलं काही विचारलं नव्हतं. शांतवन म्हणाला, “विशेष काही नाही. अन्नाबद्दल आभार मानतो,” आणि त्यानं भाकरी मोडायला घेतली. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. गार झाली की चामड्यासारखी व्हायची, मोडायला जोर लागायचा. तो जोर लावत असतानाच त्याच्या ध्यानात आलं, की आपण खोटं बोललो. आत्ता मान खाली होती तेव्हा तो आभार मानत नव्हता. काहीच म्हणत नव्हता. तो मोजत होता. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचला डोळे उघडायचे. कमी झालं तर उरकल्यासारखं दिसतं, जास्त झालं तर दाखवल्यासारखं. हे पाच आकडे त्यानं कधी ठरवले होते, आठवेना. कुणी विचारलं नसतं तर हे त्याला कधी कळलंही नसतं.

“मग त्यात एक नाव घालाल का?” कादर म्हणाला. त्यानं आपला डबा अजून उघडला नव्हता. “आमच्या घरात बरं नाही. छातीत पाणी झालंय म्हणतात. मी दुवा करतोच. पण म्हटलं, तुमचा रोजचा नेम आहे. सहा वर्षं बघतोय, एक दिवस चुकला नाही. मुबारकबी. राहील ना ध्यानात?”

“राहील की,” शांतवन म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तो टंकयंत्रावर बसला. कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत त्या दुष्काळाच्या वर्षी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जामखेडहून, पाथर्डीहून रोज पत्रं यायची, अमुक गावची विहीर आटली, तमुक गावाला टँकर सुरू करावा, आणि तो गावांची नावं एकाखाली एक टंकित करायचा. सुरुवातीला, भाद्रपदात, प्रत्येक नावामागं त्याला गाव दिसायचं. भेगाळलेली काळी जमीन दिसायची, खडी फोडणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचे पदर दिसायचे. आता माघ संपत आला होता आणि नावं नुसती नावं झाली होती. बोटं आपोआप चालत. त्या दुपारी मात्र एका ओळीच्या मध्येच बोटं थांबली आणि त्याला वाटलं, असंच झालंय की काय आपलं, तिकडंही?

घरी जाताना तो स्टेशन रोडनं चालत गेला. मिशनच्या चाळीत शेवटच्या दोन खोल्या त्याच्या. कुलूप काढलं, आत गेला, चपला भिंतीशी लावल्या. भिंतीवर खिळ्याला वाचनक्रमाचं पत्रक टांगलेलं होतं. रोज शास्त्राचा, बायबलचा, कुठला भाग वाचायचा ते त्यावर छापलेलं, आणि प्रत्येक तारखेपुढं त्याची पेन्सिलीची बारीक खूण. एकोणीस वर्षं असं एकेक पत्रक आलं आणि भरून गेलं. एक खूण चुकली नाही. त्याची बायको रतनबाई गेली त्या दिवशीचीसुद्धा नाही. दफनाहून आल्यावर हातपाय धुऊन त्यानं तो भाग वाचला होता आणि खूण केली होती, आणि तेव्हा त्याला त्याचा एक प्रकारचा आधार वाटला होता. चर्चच्या मंडळीत त्याला मान होता. रविवारी उपासनेत शास्त्रपाठ तोच वाचायचा. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, भिंगारदिवे वाचतात तेव्हा देवच बोलल्यासारखं वाटतं. तो अशा वेळी मान खाली घालायचा. त्याही वेळी मोजत असेल का, कोण जाणे. त्यानं खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि मनात म्हणाला, मुबारकबी. नाव आलं. पुढं काही आलं नाही. नुसतं नाव काळोखात उभं राहिलं, टंकित केलेल्या गावासारखं. मग त्याला पाठ असलेली वाक्यं आली, दुखणाइतांवर कृपादृष्टी ठेव, त्यांना तुझ्या इच्छेप्रमाणे आरोग्य दे, ती त्यानं म्हटली. पण म्हणतानाच कळत होतं, की मुबारकबी त्यात कुठंच नाही. ती अजून तशीच बाजूला उभी आहे. त्यानं आमेन म्हटलं आणि दिवा लावला.

या घरात प्रार्थना रतनबाई करायची. ही गोष्ट इतकी सरळ होती, की रतनबाई गेल्यावरही दोन-अडीच वर्षं ती त्याच्या नजरेतून सुटली. रतनबाई तिसगावची. तिची आई खेड्यापाड्यांतून घरोघर शास्त्र सांगत फिरायची, आणि त्या उन्हातान्हातल्या वाटांवर ही पोर आईच्या मागं असायची. तिला लिहायला फारसं येत नव्हतं. पण बोलायची ती देवाशी दारात आलेल्या माणसाशी बोलावं तशी. कांदा चिरताना बोलायची, धुणं वाळत घालताना बोलायची. संध्याकाळी दोघं प्रार्थनेला बसली की तिची यादी सुरू व्हायची. दूधवाल्या बन्सीचा पाय, चाळीतल्या नव्या बाळंतिणीचा ताप, तिसगावची शेळी, साहेबांचा रागीट स्वभाव. “ऐकतोयस नव्हं?” असं ती मध्येच विचारायची. शांतवनला अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा तो म्हणालाही होता, “रतन, तुझी प्रार्थना म्हणजे सगळ्या गावाची खबर.” ती हसली होती. “मंग त्याला कोन सांगनार?” आणि शेवटी तो भरदार आवाजात आमेन म्हणायचा. बावीस वर्षं तो आमेन म्हणत आला. त्याला वाटलं होतं, प्रार्थना दोघांची आहे.

आणि ती संध्याकाळ. ती आठवली की तो उठून काहीतरी काम काढायचा, पाणी गाळायचा, पुस्तकांवरची धूळ पुसायचा. आज तो उठला नाही. रतनबाई अंथरुणावर होती, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. तिनं नेहमीसारखी सुरुवात केली आणि दोन वाक्यांत धाप लागली. मग ती म्हणाली, “आता तुमी म्हना. मला न्हाई जमत.” त्यानं मान हलवली, आणि उशाचं शास्त्र उघडून एक स्तोत्र वाचायला घेतलं. चांगलं वाचलं. तिनं मध्येच डोळे उघडले, त्याच्याकडं पाहिलं, वाट पाहिल्यासारखं, मग मिटले. वाचून झाल्यावर म्हणाली, “छान वाचता तुमी.” चार दिवसांनी ती गेली. त्या ‘छान’ शब्दात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढचे आठ दिवस त्यानं रोज नाव घेतलं आणि रोज तिथंच अडला. मग एका दुपारी कादर आला तोच हसत. त्याच्या हातात पितळी डबा होता. “भिंगारदिवे, ताप उतरला! परवा उठून चुलीपाशी बसली. ही शेवयांची खीर तुमच्यासाठी तिनं स्वतः केलीय. म्हणाली, त्या भाऊंना द्या, त्यांचे उपकार.” शांतवनला खरं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण कादरचा चेहरा इतका उजळला होता, आणि दूध कुठं मिळत नसताना त्या बाईनं कुठून तरी मिळवलं होतं. त्यानं खीर खाल्ली. सगळी खाल्ली. गोड होती, वेलदोडा घातलेली, आणि घशाखाली उतरताना प्रत्येक घास जाणवत होता, चोरून खाल्ल्यासारखा.

त्या शनिवारी तो पाळकसाहेबांकडं गेला. पाळकसाहेब वयानं त्याच्याहून लहान, उमदे, घाईत असायचे. दुष्काळामुळं खेड्यांतल्या मंडळ्यांचे लोक सारखे त्यांच्या दारात. शांतवननं बरंच घुटमळून सांगितलं, की हल्ली प्रार्थना नीट होत नाही.

“वाचन चालू आहे ना?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“आहे.”

“उपासनेला तुम्ही येताच. मग काळजी कसली? दमला आहात तुम्ही. आत्मिक जीवन रोपासारखं असतं, नियमानं पाणी घालत राहायचं, वाढ देव देतो.” मग एकदम सुचल्यासारखं ते म्हणाले, “उलट असं करा भिंगारदिवे, गुड फ्रायडेच्या आधीच्या सभांतली एक संध्याकाळ तुम्हीच घ्या. विषय हाच ठेवू. आत्मिक जीवनाची वाढ. तुमच्याइतकं नियमित कोण आहे मंडळीत?”

बाहेर पडल्यावर ऊन डोळ्यांत घुसलं. पाळकसाहेब खोटं काही बोलले नव्हते. पाणी घालत राहायचं. त्यानं एकोणीस वर्षं घातलं होतं, दिवस न चुकता. पण रोप त्याच्या कुंडीत नव्हतं. शेजारच्या कुंडीत होतं, आणि ती कुंडी उचलून नेल्यावरही तो रिकाम्या जागेला पाणी घालत होता. हे कुणाला सांगायचं? मंडळीतली माणसं सलाम करून बाजूनं जात होती. इतक्या माणसांत, इतक्या वर्षांत, त्याच्या आत काय चाललंय हे विचारावंसं फक्त कादरला वाटलं होतं. आणि कादरला त्यानं फसवलं होतं.

मार्चमध्ये मुबारकबी पुन्हा पडली. कादर दोन दिवस रजेवर होता. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात. सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं म्हणाला. व्हरांड्यात माठापाशी त्यानं शांतवनला गाठलं. “तिनंच सांगितलंय. म्हणाली, भाऊंना सांगा, परत एकदा म्हणा म्हणावं. मागच्या टायमाला गुण आला होता.”

शांतवनच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्यानं माठाच्या झाकणावर ठेवला. “कादर,” तो म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं.”

“काय म्हटलं नव्हतं?”

“प्रार्थना. तुझ्या घरच्यांसाठी. मला येत नाही ती. नाव घेत होतो, पण मागितलं काहीच नाही. डब्यावर मान खाली घालतो ना, तेव्हाही काही म्हणत नाही मी. आकडे मोजतो.”

सहा वर्षांत तो पहिल्यांदाच कादरला अरेतुरे बोलला होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

“एकदापण नाही?” कादरनं विचारलं.

“नाही.”

“मग तोंडावर सांगायचं होतं तेव्हाच.”

“हो.”

“मी तिला सांगून ठेवलं होतं,” कादर म्हणाला. आवाज चढला नव्हता, उतरला होता. “दुपारी दीडला डबा उघडतात, तेव्हा म्हणतात. ती रोज दीडला उठून बसायची. अंगात ताप असला तरी. डोक्यावर पदर घ्यायची. म्हणायची, आता ते माझं नाव घेत असतील.” तो वळला आणि टेबलाकडं निघून गेला.

त्यानंतर चार दिवस कादर बोलला नाही. कागद पुढं सरकवायचा, कागद घ्यायचा. डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. शांतवन डबा उघडायचा आणि त्याला मान खाली घालवेना; मान वर ठेवून तो जेवायचा, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर, दीड वाजता, पदर घेतलेली एक न पाहिलेली बाई बसलेली असायची. त्यानं पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवली, सभेला दुसरं कुणी पाहावं, मला जमणार नाही. कारण लिहिलं नाही. वाचनक्रमाच्या पत्रकावर त्या चार दिवसांच्या खुणा राहून गेल्या. वाचलं नाही असं नव्हतं. वाचायला बसला की एकाच ओळीवर थांबायचा आणि तास जायचा. खूण कशाची करायची?

पाचव्या दिवशी कादर आलाच नाही. कचेरी सुटल्यावर शांतवन दवाखान्यात गेला. जाताना पिशवीत शास्त्र टाकलं होतं, सवयीनं. बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर ती होती. त्याला वाटलं होतं त्याहून कितीतरी लहान, चिमणीएवढी, उशांना टेकवून बसवलेली, कारण आडवं पडलं की श्वास येत नव्हता. कादर खाली फरशीवर बसला होता. शांतवनला पाहून तो उठला आणि बाहेर गेला.

“बसा भाऊ,” मुबारकबी म्हणाली. प्रत्येक दोन शब्दांनंतर ती थांबत होती. “त्यांना राग आलाय. सगळं सांगितलं मला त्यांनी.”

“बरोबर आहे त्याचा राग.”

“असू द्या. तुमी आलात ना.” ती थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. “मग आता म्हणा. मोठ्यानं म्हणा. मला ऐकू येऊ द्या.”

त्याचा हात पिशवीत गेला. बोटांना पुठ्ठ्याचा खरखरीत कोपरा लागला. स्तोत्र कुठलं वाचायचं तेही मनात आलं, पानसुद्धा डोळ्यांपुढं आलं. आणि त्याच क्षणी दुसऱ्या एका उशीवरून दुसरे दोन डोळे वाट पाहून मिटले. त्यानं हात बाहेर काढला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी पाहत होती. “प्रभु,” तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. त्यात भरदारपणा नव्हता, तो फाटका होता. “प्रभु, ही मुबारकबी. कादरची बायको. हिला श्वास घेता येत नाही.” तो थांबला. पुढं काय? “हिनं मला खीर पाठवली. मी ती खाल्ली, आणि हिच्यासाठी काही केलं नाही. मला मागता येत नाही. माझ्या घरी रतनबाई मागायची, तुला माहीत आहे. हिला बरं कर. कादर बाहेर उभा आहे. त्याला हिच्याशिवाय कुणी नाही. ऐकतोयस ना?” यापुढं काही सुचेना आणि त्यानं डोळे उघडले.

“आमीन,” मुबारकबी म्हणाली. मग विचारलं, “तुमच्यात पण हेच म्हणतात ना?”

“आमेन म्हणतात.”

“एकच की,” ती म्हणाली.

त्यानंतर अकरा दिवस तो रोज संध्याकाळी गेला. कधी दोन वाक्यं यायची, कधी एक. एकदा काहीच आलं नाही, तेव्हा त्यानं तसं सांगितलं आणि ती म्हणाली, “मग बसा नुसते.” तिला खबरी आवडायच्या. कुठल्या गावाला टँकर गेला, दुष्काळी कामावर कुणाला खायला सुकडी मिळाली, हे तो प्रार्थनेत सांगायचा आणि ती मान हलवत ऐकायची. तिसऱ्या दिवशी कादर बाहेर गेला नाही, दाराशी उभा राहिला. सातव्या दिवशी त्यानं शांतवनकडं स्टूल सरकवलं. घरी परतताना शांतवनच्या मनात कधी कधी एक विलक्षण हलकेपण यायचं आणि त्याची त्याला भीती वाटायची. त्याला वाटायला लागलं होतं, की ती बरी होणार. आता तो खरंच मागत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहिल्यांदा मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी पहाटे मुबारकबी गेली. कचेरीत शिपायानं निरोप दिला तेव्हा शांतवन यंत्रात कागद चढवत होता. तो तसाच उठून कादरच्या घरी, झेंडीगेटला गेला. कबरस्तानात तो एका बाजूला, बाभळीखाली उभा राहिला. आपण कुठवर जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. माती द्यायची वेळ आली तेव्हा कादरनं मागं वळून पाहिलं, गर्दीत त्याला शोधलं आणि जरासा सरकून आपल्याशेजारी जागा केली. शांतवननं तीन मुठी माती दिली. माती कोरडी होती, वाऱ्यानं अर्धी उडाली. कादर त्याच्या खांद्याला धरून एवढंच म्हणाला, “पहाटे शेवटी तुमचंच विचारत होती. भाऊ अजून आले नाहीत का म्हणून.”

ऊन उतरता उतरता तो घरी आला. हातपाय धुतले नाहीत. खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. शेजारच्या खोलीत साळूबाई चूल पेटवत होती. ती पाथर्डीकडची, म्हातारी, एकटीच राहणारी. रतनबाई गेल्यापासून भाकऱ्या तीच करून द्यायची. मधली भिंत पातळ होती, धूर आणि आवाज दोन्ही पलीकडून यायचे. शांतवनला रडू येत नव्हतं. तो म्हणाला, “का?” मोठ्यानं म्हणाला, आणि खोलीत तो शब्द इतका उघडा वाटला, की मग त्याला थांबता येईना. “अकरा दिवस आलो ना मी? मोडकंतोडकं का होईना, मागितलं ना? तुला काय जड होतं? एवढीशी बाई ती. दीड वाजता उठून बसायची.” तो येरझारा घालायला लागला. “आणि रतन? तिच्या वेळी मी विचारलंसुद्धा नाही तुला. वाचत बसलो. तुझंच पुस्तक तुला वाचून दाखवत बसलो. तेव्हा का नाही माझ्या हातातून ते काढून घेतलंस? बावीस वर्षं तिच्या शेजारी बसत होतो मी, मला एकदा हाक मारायची होतीस. आता कुणाशी बोलू मी इथं? बोल ना. सांग.” आवाज चढत गेला. भिंतीवरचं पत्रक वाऱ्यानं हललं. त्यानं टेबलावर मूठ आपटली आणि मग, आपटलेल्या मुठीकडं पाहत, कितीतरी वेळानं, त्याचे डोळे भरून आले.

पलीकडं फुंकणीचा आवाज थांबला होता. “भाऊसाहेब,” साळूबाईनं भिंतीआडून हाक मारली, “कोन आलंय वो? कुनाशी भांडताय येवढं?”

‘कुणी नाही’ हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले. खोलीत त्याच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं, पण ती मघासारखी रिकामी वाटत नव्हती.

“आहे एक जण,” तो म्हणाला.

“मंग जेवायला हायेत का? दोन भाकरी जास्तीच्या टाकते.”

“टाका,” शांतवन म्हणाला. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, खुर्ची भिंतीपासून थोडी पुढं ओढली आणि, अजून पुष्कळ बोलायचं राहिलं होतं म्हणून, बसला.